नवा दांडा

तात्यासाहेब रणगाड्यात ड्रायव्हरच्या जागेवर टेकले. सुरेखानं त्यांच्या डोक्यावरचं झाकण लावलं, ती वरच्या घुमटात शिरली आणि तिनं तो फिरवायचा दांडा हातात घेतला. तोफ सरकत सरकत बरोबर त्या झाकणावर येऊन थांबली. आता झाकण आतून उघडणार नव्हतं. ड्रायव्हरच्या मागं गोळ्यांचे कप्पे. निघायला दुसरी वाटच नाही.

संग्रहालयात ठेवायचा हा रणगाडा चितेगावात तिच्या वर्कशॉपच्या अंगणात उन्हाळाभर उभा होता. तिनं गंज खरवडला, जाम झालेला घुमट मोकळा केला, मोडक्या दांड्याच्या जागी नवा घडवला. संग्रहालयवाले म्हणाले, बाई कामाला लई पक्की. त्यांना काय ठाऊक! एकाहत्तरच्या लढाईत तिचा बाप सोनाजी ह्याच रणगाड्याचा ड्रायव्हर होता. ह्याच जागेवर बसल्या बसल्या जळाला. तेव्हा सुरेखा आईच्या पोटात होती.

तात्यासाहेब त्याचे कमांडर. गोळा लागला तेव्हा तोफ अशीच झाकणावर होती. आधी दांडा फिरवून ती बाजूला घ्यायची, ड्रायव्हरला वाट करून द्यायची आणि मग आपण उतरायचं, एवढं कमांडरचं काम. मागच्या रणगाड्यातल्या जवानांनी ह्यांना उडी मारताना पाहिलं. तोफ जागची हलली नव्हती.

पिशोरात दोघांची घरं एकाच गल्लीत. तात्यासाहेब परत आले, शेती केली, गावचे मोठे झाले. सोनाजीच्या दारात मात्र एकदाही पाय ठेवला नाही. बानाबाई, सुरेखाची आई, मरेपर्यंत त्यांच्या नावानं बोटं मोडत राहिली. आणि उद्या संग्रहालयात ह्या रणगाड्यापुढची फीत हाच माणूस कापणार म्हणे! आदल्या दिवशी एकदा नजर घालून जा, असा निरोप सुरेखानं धाडला. म्हातारा आला. बसा म्हटल्यावर निमूट बसलासुद्धा.

कामगार जेवायला गेले होते. वर मेचं ऊन, लोखंडाला हात लावू म्हटलं तर चटका बसत होता. आता ओरडेल, गयावया करेल, म्हणून सुरेखा कान लावून बसली. तेवढ्यासाठीच तर तिनं हे सगळं केलं होतं. खालून हूं की चूं नाही. तिचा संताप आणखीनच चढला.

"उद्या सगळ्यांसमोर सांगायचं," ती वाकून म्हणाली. "सोनाजीला कोंडून पळालो म्हणून. कबूल व्हा, मगच तोफ हलंल."

"सांगतो," खालून आवाज आला. "उडी मारली मी. तो आतून ठोकत व्हता, तरी मारली."

सुरेखाच्या अंगाची लाही लाही झाली. हेच ऐकायला आई जन्मभर वाट बघत होती. ह्याला असाच राहू द्यावा, वर कुलूप ठोकून घरी जावं, असं तिला वाटून गेलं.

जरा वेळानं तात्यासाहेब म्हणाले, "तोफ लई सहज फिरली, पोरी."

"नवा दांडा हाय," ती फणकारली. "जुना पार बुडातून पिळून मोडला व्हता. इषय बदलू नका."



"तो मीच मोडला," ते म्हणाले. "फिरवून फिरवून."