राहिलेलं वाक्य

“...आणि प्रभू, काच रस्त्याच्या बाजूला असू दे. कापायचं टेबल खिडकीशी. तीन मशिनी मावतील एवढी लांबी आहे, मी स्वतः मोजून आलोय. तेवढी चिठ्ठी माझ्या नावाची निघू दे. आमेन.”

टेलर मास्तरांच्या आमेनला कुणीच साथ दिली नाही. चर्चच्या मागच्या खोलीत आठ-दहा माणसं खुर्च्यांचं कडं करून दुपारच्या प्रार्थनेला बसली होती. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला.

“मास्तर, शेवटचं वाक्य राहिलं.”

इथली पद्धत ठरलेली होती. ज्याने त्याने आपलं मागणं मोठ्याने मांडायचं आणि शेवटी म्हणायचं, ‘माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ मग सगळ्यांनी मिळून आमेन.

“मनात म्हटलं मी,” मास्तर म्हणाले.

“मनात कशाला?” समोरून त्यांची बायको म्हणाली. “तीन मशिनी तर अख्ख्या गल्लीला ऐकू गेल्या!”

सगळे हसले. मास्तरही हसले, पण वाक्य काही तोंडातून फुटेना. चाळीस वर्षं ते हे वाक्य कच्चा टाका घालावा तसं म्हणत आले होते. भराभर, आणि नंतर ओढून काढता येईल असं. आज पहिल्यांदाच त्यांना त्याची भीती वाटली. म्हटलं, आणि त्याने खरंच ऐकलं तर?

चार वाजता बाजाराच्या कचेरीत चिठ्ठी निघणार होती. नव्या बाजारात गाळा एकच उरला होता आणि अर्ज दोन होते. एक मास्तरांचा. त्यांचं दुकान आयुष्यभर एका जिन्याखाली होतं. गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं तर त्याला बाहेर उभं करावं लागे. दुसरा अर्ज काज-बटणवाल्या बाईंचा. मास्तरांनी शिवलेल्या कपड्यांना वीस वर्षं त्याच काजं करत आल्या होत्या, मास्तरांच्याच दारात, एका उपड्या खोक्यावर बसून. काल यादी लागली आणि मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याच दारात बसून आपल्याच विरुद्ध अर्ज! आता त्या शेजारच्याच खुर्चीवर होत्या.

“आधी बाईंचं होऊ द्या,” मास्तर म्हणाले. “मी जरा घसा साफ करतो.”

घसा साफ करता करता त्यांना आपली गिऱ्हाइकं आठवली. ‘मास्तर, तुम्हाला योग्य वाटेल तसं शिवा,’ असं म्हणून काही जण कापड टाकत आणि मग डोक्यावर उभे राहून ‘इथे घ्या, तिथे सोडा’ करत. मास्तर त्यांना पाठीमागे ‘अर्धे शिंपी’ म्हणत. देव आपल्याला पाठीमागे काय म्हणत असेल? नुसत्या विचारानेच त्यांचे कान तापले.

बाईंनी डोळे मिटले. मास्तरांनी कान टवकारले. आता ही म्हणणार, चिठ्ठी माझी काढ.

“प्रभू,” बाई म्हणाल्या, “मास्तर तिकडे गेले तर मला बसायला दार उरणार नाही, म्हणून अर्ज केला. तुला ठाऊकच आहे. गाळा त्यांना मिळाला तर माझ्या मनात अढी राहू देऊ नकोस. फक्त कुठेतरी उजेडात जागा दे, डोळे आता साथ देत नाहीत. माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.”

“आमेन,” सगळे म्हणाले. मास्तर तेवढे म्हणायचे राहिले.

ते मनातल्या मनात गाळाभर फिरत होते. काच. टेबल. तीन मशिनी. गिऱ्हाइकाला आरसा, बायकोला खुर्ची. कॅलेंडरचा खिळासुद्धा त्यांनी ठरवून ठेवला होता. महिनाभर त्यांनी देवाला एकेक इंच समजावून सांगितला होता. बाईंचं खोकं मात्र त्यात कुठेच नव्हतं. नव्या बाजारात दाराबाहेर बसायला मनाई आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“मास्तर?” पाळकसाहेब म्हणाले.

“म्हणतो, म्हणतो.” मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. दाढ उपटून घ्यायला बसलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला. “माझ्या नव्हे. तुझ्या... तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.”

आमेन झालं. मास्तरांनी डोळे उघडले. उत्तरासाठी थांबावंही लागलं नाही. ते शेजारच्या खुर्चीवर पदराने चष्मा पुसत बसलं होतं. मास्तरांना देवाचा जरा रागच आला. चाळीस वर्षं मागितलं तेव्हा याला सवड नव्हती, आणि एकदा विचारलं तर उत्तर हजर!

साडेतीनला ते कचेरीत पोहोचले. बाई आधीच बाकावर येऊन बसल्या होत्या. मास्तरांच्या हातातला कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि त्या ताडकन उठल्या.

“अहो मास्तर, असं काय करता? चिठ्ठी तर निघू द्या. देवाच्या मनात काय आहे ते कळेल.”

“मला कळलंय. आणि बाई, तुम्ही जास्त आग्रह करू नका. माझा काही भरवसा नाही, लगेच ऐकेन.”

त्यांनी कागद खिडकीतून आत सरकवला. कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला. गाळ्यासाठी भांडणारे त्याने पुष्कळ पाहिले होते, अर्ज मागे घेणारा हा पहिलाच. त्याला संशय आला.

“खरं सांगा मास्तर, कुणाचा दबाव वगैरे?”

“होता ना साहेब,” मास्तर म्हणाले. “पण तो माझा होता, देवावर. आज दुपारी मागे घेतला.”