अष्टमीच्या आधीची तारीख

"हा जरा कमी करून दे," सगुणाबाई म्हणाली. "अष्टमीपुरता. मंग वाढव परत."

ठाण्यातल्या त्या दवाखान्यात पेसमेकर तपासायला मृणाल नावाची मुलगी होती. तिने माउससारखा एक चपटा तुकडा सगुणाबाईच्या डाव्या खांद्याखाली ठेवला आणि स्क्रीनकडे पाहतच विचारलं, "का मावशी? काही त्रास होतोय का?"

"तरास नाय. पन तो मना सोडतच नाय."

बाजूला उभ्या तुळसाने ओठ घट्ट मिटले. आईच्या तपासणीची तारीख खरं तर दसऱ्यानंतरची होती. फोनमागून फोन करून, रिसेप्शनवरच्या बाईची बोलणी खाऊन तिनेच ती अलीकडे आणली होती. आईला धाप लागते, असं चक्क खोटं सांगून. खरं कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

सगुणाबाईच्या अंगात देवी येते, हे बाळकुमच्या जुन्या गावठाणात कुणाला सांगावं लागत नाही. दरवर्षी गौरीच्या सणाला आणि नवरात्रातल्या अष्टमीला उपाशीपोटी ती घुमायला लागे. घुमता घुमता डोळे फिरत, मान कलंडे, क्षणभर ती निपचित पडे. मग उठून बोले ते देवीचं बोलणं. या श्रावणात ती ओट्यापाशी बेशुद्ध पडली, डोक्याला टाके पडले आणि पाठोपाठ पेसमेकर बसला. त्यानंतर गौरीला ती घुमघुम घुमली, घामाने निथळली. देवी काही आली नाही.

आणि दसऱ्याला जुनं घर बिल्डरला द्यायच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. फ्लॅट दोघा भावांना मिळणार होते. नवऱ्याने टाकलेल्या तुळसाचं त्यात नाव नव्हतं. थोरला हरिहर म्हणालेला, "देवी बोलली तर तुला एक खोली देऊ." तसा तो माणूस वाईट नाही. देवीच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही. आईचा शब्द मात्र या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचा.

"कमी नाही करता येणार," मृणाल म्हणाली. "तुमचे ठोके साठच्या खाली गेले की हा मदतीला येतो. त्यासाठीच तर बसवलाय."

"मदत कराला कोन बोलला त्याला? एकसारखा चालतो. वाटच देत नाय तिला."

"कुणाला?"

"काही नाही," तुळसा घाईने म्हणाली. "तुम्ही तपासा."

मृणालने विषय वाढवला नाही. बाहेर अजून बरेच पेशंट बसले होते. "आता मी थोडा वेळ ठोके खाली आणते," ती म्हणाली. "तुमचं हृदय आपलं आपण किती चालतं ते बघायला. गरगरलं तर लगेच सांगा."

स्क्रीनवरचा आकडा साठावरून पन्नासवर आला. मग चाळीसवर. सगुणाबाई छताकडे बघत पडून राहिली. आकडा आणखी खाली गेला तशी तिची पावलं गार पडली, कान बधिर झाले, पंखा दूर दूर जायला लागला. या वाटेने ती उभ्या आयुष्यात किती वेळा गेली होती. तिच्या अंगावर काटा आला.

"आली," ती पुटपुटली.

तिचे डोळे वर गेले, मान कलंडली. तुळसाचे हात आपसूक जोडले गेले. जन्मभराची सवय, तिला दवाखाना काय नि देव्हारा काय.

मृणालने लगेच बटण दाबलं. आकडा साठावर चढला आणि सगुणाबाईने डोळे उघडले.

"बघितलंत? म्हणून कमी करायचं नसतं," मृणाल म्हणाली. "आधीपण असंच व्हायचं का तुम्हाला?"

 सगुणाबाईची नजर मृणालच्या बोटावर खिळली होती.

"मी उपास नाय केला," ती सावकाश म्हणाली. "सकाली चाय-चपाती खाल्ली. धूप नाय, ढोल नाय." मग थांबून तिने विचारलं, "तुजे बोटाने आली ती?"

मृणालला त्यातलं काहीच कळलं नाही. तिने तुकडा उचलून जागेवर ठेवला, सेटिंग होतं तसंच चांगलं आहे म्हणाली आणि पुढची तारीख बाहेर घ्यायला सांगितलं. तुळसाने जोडलेले हात पदराआड घेतले. तिला रडू येत होतं. घर गेलं म्हणून की देवी गेली म्हणून, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

बाहेर रिसेप्शनवर तिने सहा महिन्यांनंतरची तारीख घेतली. वळून पाहिलं तर आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली, एकाएकी म्हातारी झालेली. तेवढ्यात हरिहरचा फोन आला. तुळसाने तो आईच्या कानाला लावला.

"काय बोलले ते? अष्टमीला येईल ना देवी?" हरिहर विचारत होता. "का लोकांना नको सांगू?"

 पलीकडून हरिहर हॅलो, हॅलो करत होता. 

"सांग सगल्यांना," सगुणाबाई म्हणाली. "यील ती."

फोन बंद झाल्यावर तिने लेकीला जवळ बसवून घेतलं. तिच्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "तुळसे, मगाशी माजी मान कंचे बाजूला पडली व्हती?"

तुळसाने आजूबाजूला पाहिलं. जो तो आपल्या फायलीत नाहीतर मोबाइलमध्ये होता. तिने आईची हनुवटी धरली आणि मान हळूच डावीकडे कलती केली.

"एवढी?"

"अजून जरा," तुळसा म्हणाली.