बाकाचं माप

आमचा मुलगा रोको सोळाव्या वर्षी समुद्रावर गेला आणि होडी तेवढी परत आली. चार वर्षांनी मी तिच्या आतलं लाकूड खरवडायला घेतलं, तेव्हा माझा नवरा फ्राने, स्वतः होड्या बांधणारा सुतार, धक्क्यावरून ओरडला, "कुणासाठी घासतेस, तोन्का? मेलेलं पोर झोपायला येणार आहे का?"

"येईल. त्याचा कुजलेला बाक तेवढा नवा करून दे."

आमच्या बेटिना गावात होडीतला बाक झोपणाऱ्याला फळीवर आडवं करून, टाचेशी खूण करूनच बेततात. रोकोची खूण जुन्या फळीवर अजून होती.

रविवारी चर्चमधून आले, तर नवा बाक त्या खुणेपेक्षा वीतभर लांब झालेला.

"माप चुकलं तुझं," मी म्हटलं.



फ्राने रंधा पुसत राहिला. "एव्हाना उंच झाला असेल तो."