खंडेनवमीचं कटर

सत्त्याण्णव साली सांगलीतली चार दुकानं पालथी घालून आकारामनं लोखंडी गज कापायचं स्वस्तातलं कटर मशीन घरी आणलं. खंडेनवमीला त्यानं ते पुसून पुजलं, वर झेंडूचा हार घातला.

तेवढ्यात शेजारचा शिदबा धापा टाकत आला. "आकाराम, माज्या गेटच्या गजात मेंढ्याची मान अडकलीया. गेट गेलं तरी चालंल, पर मशीन घिऊन चल!"

आकाराम खवळला. "आज हत्याराला हात लावत न्हाईत, कळत न्हाई व्हय रं? तुज्या मेंढरापायी बसलेला देव उठवू? उद्या ये. चल, हो भाईर!"

शिदबाचं डोकं फिरलं. "ऱ्हाऊ दे मग. माजं काय जातंय?

मेंढा तुजाच हाय."