परत म्हण

"पोचलास की फोन कर," मी म्हणालो.

"हो."

"नुसतं हो नको. परत म्हण."

"पोचलो की फोन करतो," मुलगा हसत म्हणाला. त्याची रिक्षा विमानतळाकडे वळली.

पस्तीस वर्षं मी त्याच विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून रेडिओवर वैमानिकांशी बोललो. फ्रीक्वेन्सी सांगा की उंची, वैमानिकाने ती परत म्हणायचीच. नाहीतर त्याने ऐकलंच नाही असं धरायचं. ही खोड माझ्याबरोबर घरी आली. बायको होती तोवर, मी "चहा ठेव" म्हटलं की ती "चहा ठेवते" असं मुद्दाम ठसक्यात परत म्हणायची.

दोन तासांनी गच्चीवर गेलो. मुलाचं विमान चढ्या आवाजात आलं, डोक्यावरून गेलं आणि तोच आवाज एकदम उतरला. लहानपणी त्याने विचारलं होतं, "बाबा, आत बसलेल्यांनाही असंच ऐकू येतं?"

मी सांगितलं होतं, "नाही रे. त्यांना शेवटपर्यंत एकसारखंच. उतरलेला आवाज फक्त खाली राहिलेल्याला."

आकाश शांत झाल्यावर स्वयंपाकघरात आलो. सवयीने तोंडून निघालं, "चहा ठेव."

मग गॅस पेटवत मीच म्हणालो, "चहा ठेवतो."