निळ्या दांड्यावरचा ओरखडा

मागच्या आठवड्यापर्यंत टपरीवरच्या चहाला सगळे सायकलवाले गुळवणींच्या सायकलीभोवती जमायचे. मोघ्यांनी नवी निळी सायकल आणली आणि घोळका तिकडे सरकला. गुळवणींना ते बघवेना. काल कुणाचं लक्ष नाहीसं पाहून त्यांनी घरच्या किल्लीने निळ्या दांड्यावर बारीक ओरखडा ओढला. दुपारी जेवताना दोन घास जास्त गेले.

आज बघतात तर दांडा नवाकोरा!

“पारदर्शक फिल्म चिकटवलीय,” मोघे सांगत होते. “बारीकसारीक ओरखडा उन्हात आपोआप भरून येतो. कालच कुणा पुण्यवंताने परीक्षा घेतली. गुळवणी, किल्ली असेलच तुमच्याकडे. ओढा बघू सगळ्यांसमोर!”

आठवडाभरानंतर आज घोळका पुन्हा गुळवणींकडे बघत होता. त्यांनी किल्ली काढून ओरखडा ओढला. परवानगीच्या ओरखड्यात मात्र काही राम नव्हता.