चौऱ्याहत्तर मिनिटांचं लग्न

"तात्या, आता एक माणूस जरी वाढवला, तरी सीडीत बसायचं न्हाई," गोरक्षनाथने कॉम्प्युटरवरून मान न वळवता सांगून टाकलं.

रंगनाथ तात्यांच्या हातात यादी होती. वांबोरीहून राहुरीला येताना एसटीत त्यांनी ती तीनदा वाचली होती. मुलीच्या, माधुरीच्या लग्नाची गोरक्षनाथनेच काढलेली कॅसेट तीन तासांची, तिला आता बुरशी धरायला लागलेली. आणि सीडीत मावतात चौऱ्याहत्तर मिनिटं. यादीत सोसायटीचे चेअरमन होते, दोन माजी सरपंच होते, फेटा बांधून घेताना रुसलेले व्याही होते. यातला एक जरी गाळला तरी तो पुढच्या लग्नाला यायचा नाही, असं तात्यांचं म्हणणं. घरात लग्नाचं दुसरं कुणी उरलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

असलं काम एरवी पुण्यात होतं, मोठ्या यंत्रावर. गोरक्षनाथकडे होता आपल्या कॉम्प्युटर क्लासमधला एक पीसी, त्यात वर्ल्डकपच्या मॅची बघायला बसवलेलं टीव्हीचं कार्ड आणि साधा सीडी रायटर. टीव्हीच्या जागी व्हीसीआरची वायर खुपसून त्याने अख्खं लग्न तुकड्यातुकड्यांनी कॉम्प्युटरात उतरवून घेतलं होतं. तीन सीड्या वाया गेल्या. त्यांच्यावर आता चहाचे कप ठेवलेले असत. ही चौथी आणि शेवटची. भरायला चाळीस मिनिटं लागणार होती, आणि लोडशेडिंगमुळे अकराला लाईट जाणार होती.

तात्यांच्या घरच्या, लंकाबाई, भिंतीकडेच्या स्टुलावर बसल्या होत्या. आपण पण येणार म्हणून त्या सकाळी हटून बसल्या, तेव्हा तात्यांना नवल वाटलं होतं.

"मंगलाष्टका कुठं हायेत ह्यात?" त्यांनी विचारलं.

"त्या काढल्या, काकू. अकरा मिनिटं खात हुत्या. आन मंगलाष्टका काय, समद्यांच्या सारख्याच."

"मी पाह्यल्या न्हाईत."

गोरक्षनाथ हसला. "घरच्याच लग्नात?"

"पोरीच्या आईनं बघायच्या नसत्यात. आत घरात बसायचं असतं."

"अगं, मग कॅसेट?" तात्या म्हणाले. "घरीच लावली हुती की आपण. सगळा गाव जमला हुता."

"व्हय. आन सगळ्या गावाला चहा कुनी केला?"

लग्नाला सात महिने होऊन गेले होते. एकुलत्या एका पोरीचं लग्न आपल्या बायकोने पाहिलेलंच नाही, हे त्यांना आज राहुरीत, क्लासच्या बाकावर बसून कळत होतं. त्यांना लाज वाटली. मग त्यांनी शेजारच्या टेबलावरचं पेन उचललं.

चेअरमन गेले. माजी सरपंच जोडीने गेले.

"व्याही?" गोरक्षनाथने विचारलं.

"राहू दे. पुन्हा रुसायचे."

गोरक्षनाथने बेरीज केली. अजून पाच मिनिटं कमी पडत होती. घड्याळात सव्वादहा व्हायला आले होते. यादीत सगळ्यात खाली, चांगल्या अक्षरात लिहिलेलं होतं: वधूपित्याचे मनोगत, पाच मिनिटे. हे भाषण तात्यांनी आठ दिवस पाठ केलं होतं. कॅसेट लागली की या जागी ते मुद्दाम खाकरत, म्हणजे बोलणारे गप्प होत.

"हे पन काढ."

"तात्या, भाषण झकास झालंय तुमचं."

"तिनं ऐकलंय ते. आठ दिवस तिलाच ऐकवीत हुतो."

लंकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "मला बी पाठ झालंय."

रायटरचा दिवा लुकलुकायला लागला. टेबलाला कुणी हात लावायचा नाही, असा गोरक्षनाथने दम भरला. मग कुणी उठलं नाही. तात्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत बसले. तो जरा मंद वाटला की त्यांचा जीव खाली-वर होई. बाहेर स्टँडवर वांबोरीची गाडी लागली आणि निघूनही गेली, तरी ते हलले नाहीत.

दहा छप्पन्नला सीडी बाहेर आली. गोरक्षनाथने ती उजेडात धरून पाहिली, शर्टाला पुसली आणि परत आत घातली.

"चार मिनिटं हायेत लाईट जायला. काय दाखवू, तात्या?"

"इचारतो काय?"

मांडव आला, अंतरपाट आला. चित्र थोडं पुसट होतं, पण मुंडावळ्या बांधलेली माधुरी चांगली ओळखू येत होती. लंकाबाई स्टूल सोडून कधी पुढे आल्या, कुणाला कळलं नाही. त्यांना इतका आनंद झाला होता की हात कुठे ठेवावेत ते सुचेना. शेवटी त्यांनी ते तात्यांच्या खांद्यावर ठेवले.

"बघा, काकू, म्हनून मी हे आधी काढलं हुतं," गोरक्षनाथ म्हणाला. "कितीदा सांगितलं हिला, कॅमेऱ्याकडं बघ म्हनून. एकदा बी बघायला तयार न्हाई. सारखी आपली उजवीकडं बघतीय आन हसतीय."

लंकाबाईंनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"तिकडं आमच्या घराचं दार हाय," त्या म्हणाल्या.